ढोकरी स्थिर होईपर्यंत

करंजखारच्या धक्क्याला एक नवीकोरी होडी बांधलेली होती आणि ती तयार आहे की नाही, यावरून गावात दोन तट पडले होते. होडीच्या छपरावर सौरपट्ट्या होत्या, तळाशी खोलीमापक होता (पाण्यात आवाजाची लहर सोडून तळ किती खोल आहे ते ओळखणारं उपकरण), आत बाकांच्या दोन रांगा होत्या आणि बोलायला एक सपाट, जरा कंटाळलेला आवाज होता. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं ढोकरी. खाडीच्या चिखलात ढोकरी नावाचा बगळा तासन्‌तास एका जागी उभा असतो, ही होडीही तशीच उभी होती. बहुतेक गावाचं म्हणणं होतं की होडी तयार आहे. प्रचितीच्या आबांचं म्हणणं होतं की ती पूर्ण झाली आहे, पण तयार नाही.

प्रचिती तांडेल नुकतीच सातवी पास झाली होती आणि तिला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. पूर्ण झालेली वस्तू तयार का नसते? भाकरी पूर्ण भाजली की ती तयारच असते. आबा मात्र हा प्रश्न विचारला की नुसते हसत आणि चष्मा पुसत बसत. शास्त्रज्ञ माणसांना चष्मा पुसायला फार वेळ लागतो, असं प्रचितीचं मत झालं होतं.

तिची घाई उगाच नव्हती. करंजखारची शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा खाडीपलीकडे, आंबेखोलला. आतापर्यंत मुलांना पलीकडे नेणारी जुनी होडी राया नाखवा चालवायचा. पण त्याचे गुडघे गेले होते आणि या पावसाळ्यापासून आपण सुकाण धरणार नाही, असं त्याने पंचायतीत सांगून टाकलं होतं. नवा नाखवा मिळत नव्हता, कारण गावातली तरुण माणसं बंदरावर कामाला जात होती. म्हणून ही आपली आपण चालणारी होडी आणली होती. ती जूनपर्यंत सुरू झाली तर प्रचिती घरी राहून शाळेत जाणार होती. नाही झाली, तर तिची पनवेलच्या आत्याकडे रवानगी ठरलेली होती. आत्याचं घर अकराव्या मजल्यावर होतं आणि तिथल्या खिडकीतून पाणी म्हणून फक्त समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. प्रचितीला आत्या आवडायची, पण घर सोडायचं नव्हतं.

एक दिवस तिने आबांना कोंडीतच पकडलं. चष्मा स्वतःच्या हातात घेतला आणि उत्तर मिळेपर्यंत तो देणार नाही म्हणून सांगितलं. आबांचं नाव हरेश्वर तांडेल. ते नाखव्याचे चिरंजीव, पण शिकून बंदरात भरती-ओहोटीचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली होती. आता निवृत्त झाल्यावर ते जगभरातल्या हौशी मंडळींबरोबर 'कासव' नावाच्या प्रणालीवर बिनपगारी काम करत. चष्म्याशिवाय त्यांना प्रचिती दोन दिसत होत्या, त्यामुळे त्यांनी मुकाट्याने समजावून सांगायला घेतलं.

ढोकरीच्या पोटात एक संगणक होता. कोणत्याही संगणकाला एक कार्यप्रणाली लागते (यंत्राचे सगळे भाग आणि त्यावरचे प्रोग्राम यांना एकमेकांशी नीट वागायला लावणारी व्यवस्था). लिनक्स हा अशा व्यवस्थेचा गाभा. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. त्याची आज्ञावली सगळ्यांना वाचता येते, बदलता येते आणि पुढे वाटता येते. या गाभ्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम जमवून, ते एकमेकांशी भांडत नाहीत ना हे पाहून, लोक आपापल्या गरजेची संपूर्ण प्रणाली बांधतात. कासव ही अशीच एक प्रणाली होती. ती किनाऱ्यावरच्या गावांसाठी होती आणि तिच्यावर होड्या चालत, बांधाच्या झडपा चालत, मासळीची शीतगृहं चालत. तिच्या प्रत्येक आवृत्तीला खाडीकाठच्या झाडाचं नाव असे. सध्याची आवृत्ती होती 'उंडी'. तिला होडी चालवता येत असे, पण सुकाणावर माणूस लागत असे. येऊ घातलेली आवृत्ती होती 'तिवर' आणि तिला माणूस लागणार नव्हता.

तिवर लिहून झाली होती, हे खरंच होतं. पण ती अजून चाचणीत होती. आबा म्हणाले की कासवची प्रत्येक आवृत्ती तीन टप्प्यांतून जाते. आधी अस्थिर अवस्था, त्यात रोज काहीतरी नवं येतं आणि रोज काहीतरी मोडतं. मग चाचणी अवस्था. आणि मग एक दिवस गोठवण जाहीर होते (या काळात नवी सोय एकही जोडायची नाही, फक्त सापडतील त्या चुका दुरुस्त करायच्या). गोठवणीत सगळ्या गंभीर चुका निस्तरल्या गेल्या की जी उरते ती स्थिर आवृत्ती. पंचायतीचा नियम होता की मुलं बसणार त्या होडीत स्थिर आवृत्तीच चालेल, आणि हा नियम आबांनीच पंचायतीकडून करून घेतला होता.

प्रचितीने विचारलं की प्रकाशनाची तारीख कोणती. आबांनी सांगितलं की तारीख नसते, अंदाज असतो. सध्याचा अंदाज मेअखेरचा होता.

"तारीख ठरवली की लोक तारखेला तयार होतात, वस्तू होत नाही," आबा म्हणाले. "लाकडी होडी नवीन पाण्यात टाकली की काय करतात गो?"

हे प्रचितीला माहीत होतं. नवी होडी पाण्यात उतरवली की तिला लगेच लांब नेत नाहीत. धक्क्याजवळ दोरीला बांधून ठेवतात. फळ्या पाणी पिऊन फुगतात, फटी दाबल्या जातात, आणि तरीही कुठून पाणी झिरपतंय ते दिसतं. मग तेवढंच बुजवायचं. त्या दिवसांत कुणी होडीला नवी डोलकाठी बसवायला गेलं तर त्याला राया नाखवा धक्क्यावरून हाकलून देईल. एवढं बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण गोठवणच समजावून सांगितली. तिने चष्मा परत केला.

फटी शोधायला मात्र माणसं लागतात. लिहिणाऱ्याला आपली चूक सहसा दिसत नाही, कारण तो आपल्याच सवयीने वस्तू वापरतो. म्हणून चाचणीची आवृत्ती जो मागेल त्याला देतात. कुणाचं यंत्र जुनं असतं, कुणाची खाडी वाकडी असते, कुणाला भलतीच कळ दाबायची खोड असते. जितकी वेगळी माणसं, तितक्या वेगळ्या फटी उघड्या पडतात. आबांनी आपल्या जुन्या संगणकावर तिवर चढवून दिली आणि प्रचिती चाचणीदार झाली. पडद्यावर एक खोटी खाडी होती (खऱ्या खाडीची मापं घालून केलेली नक्कल), तीत खोटी ढोकरी होती, आणि ती तारीख सांगाल त्या दिवशी खाडी ओलांडून दाखवत असे. आवाज मात्र तोच, कंटाळलेला.

बाकीचे चाचणीदार आजची, उद्याची, फार तर पुढच्या आठवड्याची तारीख घालत. प्रचितीला त्यात रस नव्हता. तिला आपली शाळा पाहायची होती. तिने जूनचा पहिला दिवस घातला आणि ढोकरीला पलीकडे नेऊन परत आणलं. मग दुसरा, मग तिसरा. अशी ती पडद्यावर अख्खी आठवी शिकत निघाली. आषाढ झाला, श्रावण लागला, सगळं सुरळीत चाललं. आणि श्रावणाच्या वद्य पक्षात एका दुपारी ढोकरी आंबेखोलहून निघाली ती परत आलीच नाही.

ती खाडीच्या मध्यावर चिखलात रुतली होती. पाणी ओसरत होतं.

"पाणी पुरेसं नाही," ढोकरी म्हणाली. "पुढच्या भरतीपर्यंत वाट पाहा."

पुढची भरती मध्यरात्रीनंतर होती. प्रचितीला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. तिने तोच दिवस पुन्हा घातला. ढोकरी पुन्हा तिथेच जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. अमावास्या झाली आणि होडी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागली. प्रचितीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं ते पान उलटून पाहिलं. त्या पंधरवड्यात पंचमी दोनदा छापलेली होती. आज पंचमी आणि उद्याही पंचमी. ढोकरीच्या हिशेबात मात्र पंचमीच्या दुसऱ्या दिवशी षष्ठी होती.

आता करंजखारला तिथी ही केवळ उपासाची गोष्ट नाही. ओहोटीला खाडीचा मध्य उथळ होतो, म्हणून होडी भरतीला सोडतात. भरती चंद्रामुळे येते, म्हणून खाडीवरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणकी (पाऊणचा पाढा) म्हणायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. हिशेब ढोबळ आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या होड्या त्यावर चालल्या. तिवरमध्ये ही सोय 'भरती' नावाच्या प्रोग्रामने दिली होती. ती गोठवणीच्या अगदी तोंडावर आली होती आणि तो प्रोग्राम आबांनी लिहिला होता.

प्रचितीने संगणक बंद केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. चूक कळवली की प्रकाशन पुढे जाणार, हे तिला आता चांगलं समजत होतं. मे संपत आला होता. आईने तिचा गणवेश आंबेखोलच्या शिंप्याकडे शिवायला टाकला होता. श्रावण अजून लांब होता, आणि तोवर कुणीतरी दुसरं ही चूक शोधेलच. शिवाय आपल्या गावात तर आपण आहोतच, त्या दिवशी आपण होडी लवकर सोडायला सांगू. असे सगळे मुद्दे तिने जमवले. मुद्दे चांगले होते, तरी तिला जेवण गोड लागेना. आबांसमोर बसायचंही ती टाळू लागली.

संगणकावर चाचणीदारांचा एक गप्पांचा फळा होता, त्यावर जो तो आपापल्या खाडीची खबर लिहीत असे. तिथे खालच्या कोकणातली इकरा पारकर नावाची मुलगी होती. वय प्रचितीएवढंच. ती कधीमधी लिहायची आणि मोजकंच लिहायची. त्या आठवड्यात तिने लिहिलं: "आमची होडीपण तिवरची वाट बघते. माझा भाऊ पहिलीत जाणार. तो एकटाच असेल होडीत, मी सकाळच्या शाळेत. आमच्याकडे पाणी जोरात ओढतं. पण तिवर स्थिर आली म्हणजे काळजी नाही."

प्रचितीने ते दोनदा वाचलं. ज्या चिखलात आतापर्यंत पडद्यावरची होडी रुतली होती, तिथे तिला आता पहिलीतला एक मुलगा दप्तर घेऊन बसलेला दिसू लागला. शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. स्थिर या शब्दावर त्या मुलीने आपला भाऊ सोपवला होता.

ती उठली आणि ओसरीवर जाळं विणत बसलेल्या आबांना म्हणाली, "आबा, तुमच्या प्रोग्रामला पंचमी दोनदा येते ते माहीत नाही."

आबांचा हात थांबला. त्यांनी आत जाऊन तिने सांगितलेली तारीख घातली आणि ढोकरी रुतताना शेवटपर्यंत पाहिलं. मग आपल्या बोटांकडे बघत मोठ्याने हसले.

चूक साधी होती आणि ती नाखव्याच्या घरातच होऊ शकली असती. आबांचे वडील तिथी बोटांच्या पेरांवर मोजत. एक दिवस, एक पेर, एक तिथी, आणि अमावास्या-पौर्णिमेला पुन्हा पहिल्या पेरापासून. आबांनी लहानपणी तेच शिकून घेतलं आणि म्हातारपणी तेच प्रोग्राममध्ये लिहिलं. पण तिथी म्हणजे दिवस नव्हे. सूर्याच्या तुलनेत चंद्र ठरावीक अंतर पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र कधी जरा जलद सरकतो, कधी जरा सावकाश, त्यामुळे तिथी कधी दिवसापेक्षा आखूड असते तर कधी लांब. लांबलेल्या तिथीत दोन सूर्योदय आले की कॅलेंडरात ती दोनदा दिसते. आखूड तिथीत एकही सूर्योदय आला नाही, तर ती गळते. पेरांवर मोजणाऱ्या नाखव्याला हे अडत नसे, कारण होडी सोडण्याआधी तो मान वर करून चंद्र बघे आणि खाली बघून पाणी बघे. मोजणी चुकली असेल तर डोळे ती दुरुस्त करत. प्रोग्राममध्ये पेरं आली होती, वर बघणं राहून गेलं होतं. मग दुसऱ्या पंचमीला तो षष्ठी धरून चालला, भरती पाऊण तास उशिरा येईल असं समजला आणि पाणी ओसरू लागल्यावर होडी सोडून मोकळा झाला.

"आता पुढे जाणार ना प्रकाशन?" प्रचितीने विचारलं.

"जाणार. ही अडवणारी चूक आहे (म्हणजे ती निघाल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडत नाही). दुरुस्ती मी आज करीन. पण तीही नवी फळीच. तिच्यातून काय झिरपतं ते खऱ्या पाण्यात बघायला हवं. आणि चाचणीदारांच्या मासेमारीच्या होड्या आता पावसाळ्यासाठी वर ओढतील, त्या उतरणार नारळी पौर्णिमेनंतर."

"म्हणजे मी पनवेलला."

"हो," आबा म्हणाले. ते खोटा धीर देणाऱ्यांतले नव्हते. मग त्यांनी विचारलं, "कधी सापडली तुला?"

प्रचितीने खरं ते सांगितलं. चार-पाच दिवस झाले होते. आबा तिला रागावले नाहीत की त्यांनी शाबासकीही दिली नाही. त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला आणि चूक तिनेच कळवावी असं सांगितलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढंच लिहायचं, बाकी सजावट नको. तिने तसं लिहिलं. पाठवायची कळ दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही.

त्यानंतर जे झालं ते कासवच्या गतीने झालं. अंदाज मेअखेरवरून दसऱ्यानंतर गेला. फळ्यावर काही जण चिडले. एका शीतगृहवाल्याने विचारलं की मासळीचा आणि पंचमीचा काय संबंध. इकराने फक्त एवढंच लिहिलं की आता भावाला मामाकडे ठेवावं लागणार. शिंप्याकडून गणवेश परत आणला आणि तो घडी करून कपाटात गेला.

पनवेलला तिने टाकीकडे तोंड करून अभ्यास केला. आत्या प्रेमळ होती, पण तिच्या घरी बोंबील आठवड्यातून एकदाच होत. रविवारी आबा फोनवर येत आणि चाचणीची प्रगती सांगत. दुरुस्तीतून पहिल्यांदा गळलेली तिथी झिरपली होती, मग अधिक महिना. दर वेळी कुणीतरी कळवी, कुणीतरी बुजवी, आणि वाट पाहणं पुन्हा पुढे सरके. नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी नारळ सोडला, होड्या उतरल्या, आणि खऱ्या पाण्यातल्या चाचण्या सुरू झाल्या. वद्य पक्षातल्या त्या दोन पंचम्या आल्या तेव्हा सगळ्यात जोराच्या प्रवाहात दुरुस्ती तपासली ती इकराच्या वडिलांनी. होडीत माणूस नव्हता, वाळूची पोती होती. पोती वेळेवर पैलतीराला लागली. इकराने फळ्यावर लिहिलं: "पोती पोचली."

प्रचितीला आपल्याला एवढा आनंद कसा झाला ते कळेना. पोत्यांशी तिची ओळख नव्हती.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी आबांचा फोन आला, आणि तो रविवार नव्हता. "तिवर स्थिर झाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "ये आता घरी." आत्याने पेढे आणले. कार्यप्रणालीसाठी पेढे वाटणारी ती त्या इमारतीतली पहिलीच बाई असावी.

दिवाळीनंतर प्रचिती आंबेखोलच्या शाळेत जाऊ लागली. गणवेश थोडा आखूड झाला होता. ढोकरी रोज मुलांना नेई आणि आणी. पहिल्या दिवशी सगळी पोरं श्वास रोखून बसली होती, चौथ्या दिवशी ती मागच्या बाकावर भांडत होती. सुकाणावर कुणी नाही, याचं कुणाला काही वाटेनासं झालं. राया नाखवा धक्क्यावर बसून होडीकडे संशयाने बघे, पण वेळेला नावं ठेवायला त्याला जागा मिळाली नव्हती.

मग थंडीत असा एक पंधरवडा आला, ज्यात तृतीया दोनदा होती. दुसऱ्या तृतीयेला शाळा सुटल्यावर मुलं धक्क्यावर खेळत होती. आदल्या दिवशीपर्यंत होडी रोज पाऊण तास पुढे सरकत आली होती, म्हणून आजही तेवढा वेळ आहे असं सगळे धरून चालले होते. पण ढोकरीची घंटा वाजली.

"चला," ढोकरी म्हणाली. "पाणी थांबणार नाही."

पोरं कुरकुरली. एकजण म्हणाला की होडी बिघडली, काल याच सुमाराला गेलो होतो. प्रचितीने मान वर केली. पांढुरकी चंद्रकोर दिवसाउजेडीच पश्चिमेकडे दिसत होती, आणि खाली धक्क्याच्या पायरीवर ओली रेघ उमटायला लागली होती. पाणी उतरणीला लागलं होतं. तिने रेंगाळणाऱ्या दोघांना दंडाला धरून आत बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं की होडी बरोबर आहे, बसा.

ढोकरी निघाली. खाडीच्या मध्यावर, जिथे पडद्यावर ती पुन्हा पुन्हा रुतली होती, तिथे प्रचिती कठड्याला धरून उभी राहिली. तळाखालून पाणी नुसतं सरकत गेलं. मागच्या बाकावर कुणीतरी कुणाचा तरी डबा पळवला होता. बाकी काहीच झालं नाही.

घरी आल्यावर आबांनी विचारलं की आज काय झालं. आबा त्या वेळी पुढच्या आवृत्तीत गुंतले होते, तिचं नाव 'कांदळ' ठरलं होतं आणि ती अजून रोज मोडत होती. प्रचितीने सांगितलं की काही झालं नाही. आबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

संगणकाच्या फळ्यावर खालच्या कोकणातून एक ओळ येऊन पडली होती. "आज दुसरी तृतीया," इकराने लिहिलं होतं. "भाऊ घरी आला."